वरच्या माणसाचं काम

मिस्त्रीने बासष्ट गोबरगॅस बांधले आणि त्यातला एकही गळला नाही. हे तो स्वतः कधी सांगत नसे. त्याचा मेहुणा सांगायचा, तेही कुणी न विचारता. "आमच्या भावोजींना टाकी दाखवायची गरज नाही. गल्लीच्या तोंडाशी उभे राहतात, नाक वर करतात, आणि कुठला नळ सैल आहे ते सांगतात." एकदा शाळेच्या स्वयंपाकघरात काडी ओढणाऱ्या बाईला मिस्त्रीने खरोखरच रस्त्यावरून ओरडून थांबवलं होतं. पुढे ही गोष्ट सांगताना मेहुण्याने तो रस्ता दरवर्षी थोडा थोडा लांब केला.

मेहुण्याला सगळे काडी म्हणत. एक तर तो अंगाने तसाच होता. शिवाय नव्या टाकीचा पहिला गॅस शेगडीपर्यंत आला की तो पेटवण्याचा मान त्याचा असे. टाकीचं तोंड जेमतेम दोन फुटांचं. मिस्त्रीचं पोट त्यातून जायला कुरकुर करायचं, काडी मात्र हात वर करून सरळ आत घसरायचा. त्यामुळे बारा वर्षांत वाटणी आपोआप ठरली होती. खाली काडी, वर मिस्त्री.

ही वाटणी नुसती सोयीची नव्हती. जमिनीत पुरलेल्या विटांच्या घुमटात एका बाजूने शेण-पाणी कालवून सोडतात, दुसऱ्या बाजूने निचरा बाहेर पडतो आणि घुमटात साठलेला गॅस नळीने शेगडीकडे जातो. पाच-सहा वर्षांनी तळाशी वाळू आणि पेंढा बसून दगडासारखा थर होतो. मग टाकी उपसायची आणि कुणीतरी आत उतरून तो फोडायचा. त्या थराखाली गॅस अडकलेला असतो. तो सुटला की कुजक्या अंड्यांसारखा वास येतो, पण आतल्या माणसाला मिनिट-दोन मिनिटंच. त्यानंतर त्याचं नाक मरतं. वास गेला, बरं झालं, असं त्याला वाटतं, आणि नेमका तेव्हाच त्याचा वेळ संपत आलेला असतो. म्हणून मिस्त्रीने सगळ्या गावांना एक नियम घोकून दिला होता. खालच्याने काम करायचं, वरच्याने वास घ्यायचा. खालचा थोड्या थोड्या वेळाने विचारतो, "येतोय का?" वरचा सांगेल ते शेवटचं.

मिस्त्रीला तीन वर्षांपासून कसलाही वास येत नव्हता.

एका तापात नाकाचा वास गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, वाट पाहा. मिस्त्री वाट पाहत शेगडीजवळ बसला होता त्या दिवशी दूध उतू गेलं, करपलं, भांड्याचा तळ काळा पडला, आणि बायको अंगणातून धावत आली तेव्हा हा पातेल्यापासून हातभर अंतरावर वर्तमानपत्र वाचत होता. तिने शेगडी बंद केली, त्याच्याकडे पाहिलं, आणि सगळं तिच्या ध्यानात आलं.

"कुणाला बोलू नकोस," तो म्हणाला.

"माझ्या भावालाही?"

"त्याला तर मुळीच नको. तो गावभर करेल."

ती नाही बोलली. मिस्त्री कामाला लागला. सांधे साबणाच्या पाण्याने तपासायला लागला आणि लोकांना म्हणाला, नव्या पद्धतीत असंच करतात. घरात शिरला की आधी माणसांचे चेहरे पाहायचा. कुणाचं नाक आक्रसलं तर गळती आहे. टाकीच्या तोंडाशी चेहरा दिसत नसे. तिथे त्याने घड्याळावर काम चालवलं. दर दहा मिनिटांनी, काडी विचारो न विचारो, वरून सांगायचं, "येतोय, वर ये." काडी शिव्या घालत वर यायचा, अर्धा तास बसायचा, परत उतरायचा. एका दिवसाच्या कामाला दोन दिवस लागायचे.

"भावोजी, वय झालं की नाक जास्तच तिखट होतं का हो?" काडी विचारायचा.

अशा सतरा टाक्या झाल्या. कुणाला काही झालं नाही. लबाडी माणसाला वाचवते आहे असं मिस्त्रीला वाटायला लागलं, आणि तसं म्हटलं तर ते खोटंही नव्हतं.

अठरावी टाकी त्याच्याच गावातली होती, दूध डेअरीच्या मागची, सगळ्यांत मोठी. तिच्या गॅसवर एक इंजिन चाले. त्याच इंजिनावर गावाचा पाण्याचा पंप, पिठाची चक्की आणि डेअरीचे दिवे. गावाच्या वेशीवर पाटी होती, 'या गावाला बाहेरून काहीही लागत नाही.' गॅस समितीच्या मास्तरीणबाईंनी ती स्वतःच्या वळणदार अक्षरात रंगवली होती. विजेच्या तारा गावाने अर्ज करून काढायला लावल्या होत्या. कंपनीने मागेपुढे न पाहता खांबही उपटून दुसरीकडे नेले. एक तेवढा विसरला, त्याला चक्कीवाला म्हैस बांधायचा.

टाकी उपसायला घेतली आणि पाटीचा दुसरा अर्थ लोकांना कळला. गॅस नाही म्हणून इंजिन नाही, इंजिन नाही म्हणून पाणी नाही. टाकीत हवा मारायला चक्कीचा पंखा आणायचा ठरलं होतं, तर तोही त्याच इंजिनावर चालणारा. तिसऱ्या दिवशी सकाळी डेअरीच्या भिंतीला लागून बायकांची रांग उभी होती, रिकामे हंडे घेऊन. ओढ्यापर्यंत जाऊन यायला सव्वा तास लागत होता. त्या नुसत्या टाकीकडे पाहत होत्या.

"मिस्त्री, आज होईल ना?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"होईल."

झाकण तीन दिवस उघडं होतं. नियमाप्रमाणे कोंबडी टोपलीत घालून खाली सोडली, अर्ध्या तासाने वर काढली. ती फडफडून डेअरीच्या छपरावर जाऊन बसली.

"हिलाच ठेवून घ्या कामाला," काडी कमरेला दोर बांधत म्हणाला. "सासरवाडीचं माणूस द्या सोडून. तेवढीच तुमची पुण्याई."

"बडबड कमी कर. फावडं घे."

"ताईला सांगा, जेवायला दोघं येणार. आणि भावोजी, आज ते दर दहा मिनिटांचं नाटक नको हां. बायका बघतायत. लोक म्हणतात, काडी खाली कमी आणि वर जास्त असतो."

मिस्त्रीने सगळ्यांना वीस पावलं मागे हटवलं. तोंडाशी तो एकटा उरला, हातात दोर, मनगटावर घड्याळ. काडी हात वर करून आत घसरला. थोड्या वेळाने फावड्याचे घाव ऐकू यायला लागले. कोरडा, टणक आवाज होता. थर चांगलाच बसला होता.

दहा मिनिटं झाली. मिस्त्रीने काडीला वर बोलावलं नाही. रांगेतली एक म्हातारी हंड्यावर बसली होती आणि त्याच्याकडे पाहत होती. एवढा एक भाग होऊ दे, मग बोलावू, असं त्याने ठरवलं. पंधरा मिनिटं झाली. घावांचा आवाज बदलला. टणकपणा जाऊन तो ओला झाला, चिखलात पाय रुतावा तसा.

"फुटला," खालून काडी म्हणाला. "भावोजी, येतोय का?"

मिस्त्री वाकला. त्याने श्वास आत ओढला, सवयीने. काहीच नव्हतं. तीन वर्षांत कधी काही नव्हतंच.

"नाही."

दोन-तीन घाव पडले.

"नक्की? मला मघाशी आल्यासारखा वाटला. आता नाहीये."

हे वाक्य मिस्त्रीने स्वतः किमान शंभर लोकांना शिकवलं होतं. वास आला होता आणि गेला असं वाटलं, की फावडं टाकायचं आणि वर यायचं. पण शिकवताना वर एक नाकवाला माणूस असतो असं तो धरून चालत असे. त्याने पुन्हा श्वास ओढला. रांगेकडे पाहिलं.

"नाही रे. कर तू."

त्यानंतर एकही घाव पडला नाही. फावडं पडल्याचा आवाजही आला नाही, कारण ते मऊ गाळात पडलं.

दोर होता. मिस्त्रीने तो ओढला, पण मुडद्यासारखं जड झालेलं माणूस दोन फुटांच्या तोंडातून एकट्याच्याने निघत नाही. तो ओरडला तेव्हा वीस पावलांवरून चारजण धावत आले, आणि आले ते नाकाला हात लावतच आले. मिस्त्रीने ते पाहिलं. काडीचे खांदे तोंडात अडकले. ते सोडवण्यात बराच वेळ गेला. बाहेर काढला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काही विशेष नव्हतं. खिशात काडेपेटी होती, कोरडी.

चौकशी शाळेत झाली. जिल्ह्याहून एक अधिकारीबाई आली. हुशार होती आणि दमलेली होती. तिच्याकडे छापील फॉर्म होता, त्यातले प्रश्न ती ओळीने विचारत होती.

"दोर होता?"

"होता."

"कोंबडी सोडली?"

"सोडली. जिवंत वर आली."

"वर उभ्या असलेल्या माणसाने वास घेतला?"

"घेतला," मिस्त्री म्हणाला.

"आला?"

"नाही."

तिने दोन्ही उत्तरं लिहून घेतली. दोन्ही खरी होती. दाराशी बायकांमध्ये मिस्त्रीची बायको बसली होती, शेजारी काडीची बायको. मिस्त्रीने त्या बाजूला पाहिलं नाही.

"गॅस मोजायचं मशीन असतं ना तुमच्याकडे?" मास्तरीणबाईंनी विचारलं. "आम्ही दोनदा पत्र पाठवलं होतं."

"जिल्ह्याला एकच आहे," अधिकारीबाई म्हणाली. "ते दुरुस्तीला गेलंय." हे तिने लिहून घेतलं नाही.

अहवालात असं आलं की वायू अचानक आणि कोणत्याही पूर्वसूचनेशिवाय सुटला, आणि कुणाचीही हयगय आढळली नाही. मास्तरीणबाईंनी तो वाचून दाखवला. लोकांनी माना हलवल्या. चक्कीवाला मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ज्याला तुमच्या नाकाने पकडलं नाही, त्याला कोण काय करणार?"

घरी बायकोने भाजी चिरायला घेतली.

"त्याने विचारलं होतं?"

"हो."

"किती वेळा?"

"दोनदा."

"तुम्ही काय म्हणालात?"

"नाही म्हणालो."

"माहीत नाही, असं नाही म्हणालात?"

"नाही."

"माहीत नाही म्हणाला असतात तर आला असता तो वर."

"हो."

तिने चिरलेलं सगळं पातेल्यात टाकलं, पाणी घातलं, शेगडी पेटवली. घरामागच्या लहान टाकीचा गॅस. निळी ज्योत गोल धरून उभी राहिली.

"दर राखीला... जाऊ दे." तिने वाक्य टाकून दिलं. थोड्या वेळाने म्हणाली, "मी पण लपवलंच की. तुमची पत राहावी म्हणून भावाला सांगितलं नाही. तुम्ही एकदा नाही म्हणालात. मी तीन वर्षं गप्प बसले."

मिस्त्रीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"जेवून घ्या," ती म्हणाली.

पण गाव थांबू शकत नव्हतं. थर अर्धाच फुटला होता, टाकी तशीच उघडी होती आणि पंप बंद होता. बायका ओढ्यावर जातच होत्या, काडीची बायकोसुद्धा. नवव्या दिवशी जिल्ह्याहून डिझेलवर चालणारा एक पंखा आला. मशीन आलं नाही. पंख्याने दिवसभर टाकीत हवा मारली, कोंबडी दोनदा खाली-वर झाली, आणि उतरायचं कुणी, हा प्रश्न उरला. चक्कीवाल्याने सदरा काढला.

"मी उतरतो. चक्की बंद, मी बंद. घरात बसून बायकोचं ऐकण्यापेक्षा हे बरं." त्याने दोर बांधायला हात वर केले. "मिस्त्री, वर तुम्ही आहात ना? मग झालं."

मिस्त्रीने दोर हातात घेतला. गाठ मारायला सुरुवात केली. बोटं गाठ विसरली होती.

वीस पावलांवरच्या घोळक्यातून त्याची बायको निघाली आणि सरळ टाकीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

"आज वर मी राहते."

"वहिनी, तुम्हाला काय कळतं यातलं?" चक्कीवाला म्हणाला. "मागे व्हा. मिस्त्री आहेत की."

ती हलली नाही. नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही; टाकीच्या तोंडाकडे पाहत राहिली. मिस्त्रीच्या लक्षात आलं की ती एवढंच करणार आहे. पुढचं वाक्य तिचं नव्हतं.

"मला वास येत नाही," तो म्हणाला.

"पंखा चालला ना दिवसभर. मला पण नाही येत."

"तसं नाही. मला कसलाच येत नाही. तापानंतर गेला."

चक्कीवाल्याचे हात अजून वरच होते. ते हळूहळू खाली आले. मास्तरीणबाईंनी चष्मा काढला आणि परत घातला. घोळक्यात कुणी कुणाला विचारलं, काय म्हणाले? कुणीतरी सांगितलं.

काडीची बायको हंडा घेऊन उभी होती. तिने तो जमिनीवर ठेवला.

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली."

ती मोजत होती. तिचे ओठ हलत होते. शाळेची, दवाखान्याची, वरच्या आळीतल्या दोन. नवरा रोज घरी येऊन सांगायचा, आज कुठे उतरलो.

"सतरा," ती म्हणाली. "आणि ही."

तिने नणंदेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हंडा उचलला आणि ओढ्याच्या वाटेला लागली.

चक्कीवाल्याने सदरा परत घातला. बटणं चुकली, ती तशीच राहू दिली. "आता कोण उतरणार?" असं कुणी विचारलं नाही. मिस्त्रीने दोर स्वतःच्या कमरेला बांधला.

"अहो, पोट जाईल का?" चक्कीवाला पुटपुटला. त्याला थट्टा करायची नव्हती.

"जाईल."

ते गेलं. गेल्या नऊ दिवसांत ते उतरलंही होतं. विटांनी कातडी सोलली, आणि तो स्वतःच बांधलेल्या घुमटाखाली गाळात उभा राहिला. फावडं अजून तिथेच होतं. दांडा गाळातून तिरका वर आला होता, हाताच्या उंचीवर. वर तोंडाचा गोल उजेड आणि त्यात बायकोचं डोकं. चेहरा दिसत नव्हता.

त्याने घाव घातला. टणक आवाज आला. काम त्याचंच होतं, हाताला ते ठाऊक होतं. एक कोपरा झाला, दुसरा झाला. तिसऱ्या ठिकाणी घाव पडला आणि आवाज ओला झाला. गाळात बुडबुडे फुटले, फुटत राहिले. मिस्त्रीने श्वास घेतला. काहीच नव्हतं. काडीला निदान पहिलं मिनिट मिळालं होतं.

"येतोय का?" त्याने विचारलं.

वरून उत्तर आलं नाही.

तो थांबला. फावडं हातात होतं. डोकं त्या गोलात तसंच होतं, हललं नव्हतं. वर पंख्याचा आवाज, इथे बुडबुड्यांचा. पुन्हा विचारावं असं त्याला वाटलं नाही. विचारायचा हक्क एकदाच असतो असं काहीतरी त्याच्या मनात आलं, आणि त्याने फावडं पुन्हा उचललं.

कमरेचा दोर ताणला गेला. आधी नुसता ताणला गेला. मग इतक्या जोरात ओढला गेला की त्याचे पाय गाळातून सुटले.

"येतोय," ती म्हणाली. "वर या."